भोंग्याची किल्ली कोणाकडे?

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यासाठी जंगलात गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्युमुखी पडल्या. तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो. त्या दिवसांत पहाटे उठून जंगलात जाणे ही तेथील कुटुंबांची हौस नसते. वर्षभराच्या मीठ-मिरचीचा, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा तो आधार असतो. ‘जंगलात जाऊ नका’ हा उपदेश शहरात बसून करणे सोपे आहे. ज्याची चूल जंगलावर पेटते, त्याला जंगलात जावेच लागते. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की, वाघ कोठे आहे हे त्याला वेळेवर कळेल का? आणि कळवणारी व्यवस्था कोणाच्या ताब्यात असेल?

या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मिळू लागले आहे, ही समाधानाची गोष्ट. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून चंद्रपूरच्या व्याघ्र प्रकल्पाचा उल्लेख केला. गाव आणि जंगल यांच्या सीमेवर कॅमेरे लावले आहेत, वाघ गावाजवळ आला की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने गावकऱ्यांना मोबाइलवर सूचना मिळते आणि प्रकल्पाभोवतालच्या १३ गावांना या व्यवस्थेचा लाभ होत आहे, असे त्यांनी देशाला सांगितले. ताडोबाच्या परिसरात झालेल्या या प्रयोगाचे स्वागतच केले पाहिजे. कोतवालाच्या दवंडीपासून मोबाइलच्या सूचनेपर्यंत गाव आले, हे थोडे नव्हे.

पण तेरा गावांत जे शोभते ते तेराशे गावांत टिकेल काय, हा विचार आज केला नाही तर उद्या तो करण्याची वेळ निघून गेलेली असेल. खरेदीचा हंगाम एकदा सुरू झाला की निविदा निघतात, पेट्या येतात, उद्घाटने होतात, छायाचित्रे छापून येतात. तीन वर्षांनी देखभालीचा करार संपतो. चौथ्या वर्षी पेटी बंद पडते आणि खांब तेवढा उभा राहतो. ग्रामीण भागात बंद पडलेले सौरदिवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही. दिवा बंद पडला तर अंधार होतो. वाघाची सूचना देणारे यंत्र बंद पडले तर माणूस जातो. आणि त्याहून वाईट म्हणजे, यंत्र चालू आहे या भरवशावर तो जातो.

या लेखाचे म्हणणे एकाच वाक्यात सांगता येईल. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वनग्रामांसाठी सार्वजनिक पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक सूचनायंत्राच्या पोटातील संगणकीय आज्ञावली खुली असली पाहिजे, आणि तिची किल्ली पुरवठादाराकडे नव्हे, जिल्ह्याकडे आणि ग्रामसभेकडे असली पाहिजे. ही मागणी भाबडी नाही, खर्चीकही नाही. कारण जी आज्ञावली यासाठी लागते, तिचा मोठा भाग गेली पंचवीस वर्षे जगात मोफत उपलब्ध आहे.

चाळीस किलोबाइटचा पोस्टमन

संगणकांनी परस्परांशी कसे बोलावे याचे नियम व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघा अमेरिकी अभियंत्यांनी १९७४ साली मांडले. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेच्या अर्पानेट या जाळ्याने ते स्वीकारले आणि आजचे इंटरनेट त्याच पायावर उभे राहिले. या नियमांना टीसीपी-आयपी म्हणतात. त्याचे स्वरूप टपाल खात्यासारखे आहे. लांब पत्राचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक घालायचा, पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा पाठवायचा आणि पलीकडे सर्व तुकडे क्रमाने जुळवून द्यायचे. हे काम करणारी आज्ञावली प्रत्येक संगणकात, प्रत्येक मोबाइलमध्ये असते.

मोठ्या संगणकात स्मृतीची म्हणजे मेमरीची ददात नसते. तेथे ही आज्ञावली ऐसपैस पसरून बसते. जंगलातील खांबावरच्या पेटीत मात्र नखाएवढा मायक्रोकंट्रोलर असतो. त्याची स्मृती काही दहा किंवा शंभर किलोबाइट. म्हणजे तुमच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. एवढ्या तुटपुंज्या जागेत इंटरनेटचा संपूर्ण व्यवहार बसवता येणार नाही, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक जाणकारांना वाटत होते.

हा समज मोडला तो स्वीडनमधील अॅडम डंकेल्स या तरुण संगणकशास्त्रज्ञाने. बर्फावरील हॉकी खेळणाऱ्या खेळाडूंच्या अंगावर बिनतारी संवेदक लावण्याच्या एका प्रकल्पाच्या निमित्ताने अत्यल्प स्मृतीत चालणाऱ्या टीसीपी-आयपीची गरज निर्माण झाली. स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर सायन्स या संस्थेत काम करताना २००१ च्या सुमारास त्याने ‘लाइटवेट आयपी’ ही आज्ञावली सिद्ध केली. सुमारे चाळीस किलोबाइटची आज्ञावली आणि काम करण्यासाठी काही दहा किलोबाइट स्मृती, एवढ्यावर ती चालते. त्यानंतर त्याने ‘मायक्रो आयपी’ लिहिली, ती तर काही शे बाइट स्मृतीतही काम करू लागली.

हे साधले कसे, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात काटकसरीचा एक संस्कार आहे. नेहमीच्या व्यवस्थेत संदेश एका थरातून दुसऱ्या थरात जाताना त्याची नवी नक्कल केली जाते. जणू कचेरीत एकच अर्ज चार टेबलांवर फिरताना प्रत्येक टेबलावर त्याची झेरॉक्स निघते. लाइटवेट आयपीत शक्य तेथे नक्कल टाळली जाते. संदेश जागेवरच राहतो आणि तो कोठे ठेवला आहे याची चिठ्ठी तेवढी पुढे सरकते. मायक्रो आयपीने आणखी पुढचे पाऊल टाकले. पाठवलेल्या संदेशाची प्रत ती जवळ ठेवतच नाही. पोच आली नाही तर ज्याने संदेश लिहिला त्यालाच ती पुन्हा लिहायला सांगते. वेग थोडा कमी होतो, पण ‘वाघ, पूर्वेकडील नाला, सकाळी सहा’ एवढाच निरोप द्यायचा असेल तर वेगाची चैन हवी कोणाला?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सारे लेखन त्याने खुले ठेवले. कोणीही वाचावे, वापरावे, बदलावे, विकावे; फक्त मूळ लेखकाची नोंद पुसू नये आणि त्याचे नाव जाहिरातीसाठी वापरू नये, इतक्याच माफक अटी. आज जगभरातील प्रोग्रामर मिळून लाइटवेट आयपीची देखभाल करतात. बाजारात काही शे रुपयांना मिळणाऱ्या, वायफाय असलेल्या ईएसपी-३२ सारख्या चिपसाठी तिच्या शांघायस्थित उत्पादक कंपनीने जो सॉफ्टवेअर संच दिला आहे, त्यातही हीच आज्ञावली आहे. आपल्या घरातील एखाद्या ‘स्मार्ट’ दिव्यातही कदाचित ती निमूटपणे काम करीत असेल.

मोफत धान्य, कुलूपबंद कोठार

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. या परवान्यातील औदार्याची एक दुसरी बाजू आहे. कोणीही ही आज्ञावली फुकट घ्यावी, तिच्यावर आपला थोडा लेप चढवावी, पेटीत घालून पेटी सीलबंद करावी आणि ‘आमचे खास तंत्रज्ञान’ म्हणून ग्रामपंचायतीला विकावी, यात बेकायदेशीर काहीच नाही. परवाना त्याला परवानगी देतो. म्हणजे धान्य लोकांचे, फुकट मिळालेले. कोठार मात्र व्यापाऱ्याचे आणि कुलूपही त्याचेच. डंकेल्सला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने दान दिले. दान घेऊन आलेल्याला दारात थांबवून ‘पेटी उघडून दाखव’ असे म्हणण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे, आणि येथे खरेदीदार म्हणजे आपले शासन आहे.

शासनाकडे त्यासाठी धोरण नाही असेही नाही. केंद्र शासनाने २०१५ सालीच खुल्या आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आहे. निविदा मागवताना खुल्या पर्यायाचा विचार करणे अनिवार्य करावे, बंद आज्ञावली घ्यायची झाल्यास त्याचे कारण नोंदवावे, असा त्याचा आशय आहे. राज्यांनाही ते स्वीकारण्याची मुभा आहे. मात्र मंत्रालयातील संगणकप्रणालींसाठी आखलेले धोरण जंगलातील खांबावरच्या पेटीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. ती पेटी कागदोपत्री ‘सॉफ्टवेअर’ म्हणून नव्हे, तर ‘साहित्य’ म्हणून खरेदी होते. पंखा घ्यावा तसा भोंगा घेतला जातो. त्या भोंग्याच्या आत हजारो ओळींची आज्ञावली आहे आणि ती पाहण्याचा हक्क आपल्याला हवा, हे खरेदी समितीला सुचतच नाही.

बंद पेटीचा तोटा एरवी दिसत नाही. तो दिसतो पेटी बिघडल्यावर, कंपनी बुडाल्यावर किंवा कंपनीने धंदा बदलल्यावर. ज्या पेटीची सूचना आधी कंपनीच्या दूरवरच्या सर्व्हरवर जाते आणि तेथून गावात परत येते, ती पेटी त्या सर्व्हरच्या मर्जीवर जगते. वर्गणी थकली, सर्व्हर बंद झाला, की पेटी शाबूत असूनही मुकी. खांब गावाच्या जमिनीवर, पैसा जनतेचा, वाघ गावाच्या शिवारात. पण गावाला वाघ आल्याचे सांगायचे की नाही हे ठरणार शेकडो कोस दूरच्या एका खोलीत. याला व्यवस्था म्हणायचे की वेठबिगारी?

गडचिरोलीत तर हा प्रश्न अधिक तीव्र आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे आणि त्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की तालुक्याच्या गावाचा जगाशी संपर्क तुटतो, हे अनेक पावसाळ्यांनी पाहिले आहे. २०२१ च्या शरदात छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात आला आणि धानाच्या बांध्यांवर नवे संकट उभे राहिले. वाघ, हत्ती, पूर या तिन्ही संकटांत काही मिनिटे आधी मिळालेली सूचना जीव वाचवते. पण पुराच्या रात्री, वीज गेलेली असताना, मोबाइलचा मनोरा बंद असताना, दूरच्या शहरातील सर्व्हरला विचारून वाजणारा भोंगा काय कामाचा?

मनोऱ्यांची प्रतीक्षा किती?

यावर एक ठरावीक उत्तर मिळते. ‘मनोरे येतील, फोर-जी येईल, मग सारे सुरळीत होईल.’ मनोरे येत आहेत, हे खरे आहे आणि आनंदाचे आहे. नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ टू-जी केंद्रे फोर-जीमध्ये बदलण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ एप्रिल २०२२ रोजी मंजुरी दिली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधानांनी बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी प्रणालीचे लोकार्पण केले. सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांनी मिळून उभारलेली ही प्रणाली म्हणजे मोजक्या देशांना साधलेली सिद्धी आहे. ज्या प्रदेशात मनोरे जाळण्यात नक्षलवाद्यांनी धन्यता मानली, तेथे भारतीय बनावटीची यंत्रणा उभी राहते आहे, याचा अभिमान वाटलाच पाहिजे.

परंतु महामार्ग झाला म्हणून पांदण रस्ता नको, असे कोणी म्हणत नाही. मनोरा हा महामार्ग आहे. नाल्याकाठच्या संवेदकापासून गावातल्या भोंग्यापर्यंतची वाट ही पांदण आहे, आणि ती गावाने स्वतःच्या बळावर राखायची आहे. त्यासाठी परवान्याचा अडसरही नाही. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या लहरींचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी २००५ सालीच परवानामुक्त करण्यात आला आणि २०२१ मध्ये तो ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्यात आला. या पट्ट्यातील छोटा रेडिओ अत्यल्प विजेवर, लहानशा सौरपट्टीवर चालतो आणि मोबाइलचे जाळे नसतानाही निरोप पोहोचवतो. घनदाट जंगलात त्याचा पल्ला घटतो, म्हणून अधूनमधून निरोप पुढे ढकलणाऱ्या पेट्या लागतात. पण हे सारे स्थानिक पातळीवर सोडवता येणारे प्रश्न आहेत.

व्यवस्थेचा क्रम सरळ आहे. संवेदक किंवा कॅमेरा निरोप देईल. ग्रामपंचायतीच्या छपरावरील पेटी तो घेईल आणि कोणालाही न विचारता प्रथम गावचा भोंगा वाजवील. मग लाइटवेट आयपीसारख्या आज्ञावलीच्या साहाय्याने, जाळे उपलब्ध असेल तेव्हा, तोच निरोप वनरक्षकाला, वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि जिल्ह्याला कळवील. आधी गाव, मग जिल्हा, मग जग. वाघ आणि गाय यांतला फरक ओळखायला कॅमेरा आणि अधिक शक्तिशाली संगणक लागतो, हे मान्यच आहे. साधा उष्णतेचा संवेदक तो भेद करू शकत नाही. पण ओळख पटल्यावर निरोप वाहून नेण्यासाठी, नदीची पातळी सांगण्यासाठी, भोंगा वाजवण्यासाठी चाळीस किलोबाइटचा पोस्टमन पुरेसा आहे. जेथे बैलगाडी पुरते तेथे मालगाडीची निविदा काढणाऱ्यांचा हेतू तपासला पाहिजे.

स्वदेशी म्हणजे नेमके काय?

येथे आपल्याच काही मित्रांचा आक्षेप ऐकू येतो. ‘आज्ञावली स्वीडनची, चिप चीनची, यात आपले काय?’ प्रश्न रास्त आहे, म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

पुण्यात १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक स्थापन झाले. अमेरिकेने महासंगणक नाकारल्याच्या पार्श्वभूमीवर डॉ. विजय भटकर या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावच्या सुपुत्राच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्या महासंगणकातील प्रोसेसर ब्रिटिश बनावटीचे होते. म्हणून ‘परम’ परका ठरला काय? मुळीच नाही. त्याची रचना आपल्याला ज्ञात होती, त्याचे प्रत्येक अंग आपण उघडू, तपासू आणि सुधारू शकत होतो. तीच सी-डॅक आज ‘वेगा’ मालिकेतील प्रोसेसर घडवते. तिच्या ‘तेजस-३२’ या चिपमध्ये २५६ किलोबाइट स्मृती आहे. बाहेरून रेडिओ जोडला की त्या स्मृतीत लाइटवेट आयपीसारखी आज्ञावली आरामात राहू शकते. खुल्या आज्ञावलीचा हाच लाभ की आज परकी चिप आहे म्हणून उद्या स्वदेशी चिप वापरता येणार नाही, असे बंधन ती घालत नाही. बंद पेटी मात्र ते बंधन घालते.

परकी सीलबंद पेटी आणून तिच्यावर तिरंगी चिकटपट्टी लावणे हे स्वदेशी नव्हे. आणि जगाने मोकळ्या हाताने दिलेले ज्ञान परके म्हणून नाकारून तेच पुन्हा पहिल्यापासून लिहीत बसणे हेही स्वदेशी नव्हे. जे यंत्र आपण उघडू शकतो, समजू शकतो, दुरुस्त करू शकतो आणि कोणाच्याही परवानगीवाचून चालवू शकतो, ते आपले. स्वदेशीचा गाभा स्वाधीनतेत आहे.

या महाराष्ट्राला याचा धडा नवा नाही. आपल्या खेड्यापाड्यांत दिसणारा ‘इंडिया मार्क २’ हातपंप आठवा. जालना आणि सोलापूर येथे घडलेल्या पंपांच्या अनुभवावर १९७० च्या दशकात भारत शासन आणि युनिसेफ यांच्या पुढाकाराने त्याची रचना निश्चित झाली. तिच्यावर कोणाचेही पेटंट नव्हते. भारतीय मानक ठरले आणि अनेक कारखान्यांनी एकाच मापाचे पंप व सुटे भाग बनवले. एका कारखान्याने दगा दिला तर दुसऱ्याचा भाग बसत असे. गावपातळीवर पंप दुरुस्त करणारे हात तयार झाले. हा पंप देशातच नव्हे, आफ्रिकेच्या खेड्यांतही पोहोचला. जी कंपनी बंद पडली तर गाव तहानलेले राहील, अशा कंपनीचा पंप आपण तेव्हा घेतला नाही. मग जी कंपनी बंद पडली तर गाव बेसावध राहील, तिचा भोंगा आज का घ्यावा?

खुले म्हणजे निर्धोक नव्हे

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. ‘आज्ञावली सर्वांना वाचता येते, म्हणजे शत्रूलाही वाचता येते.’ जेथे काही दशके बंदुकीचे सावट होते, त्या जिल्ह्यात हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. वस्तुस्थिती पाहू. जून २०२० मध्ये ट्रेक या अमेरिकी कंपनीच्या बंद टीसीपी-आयपी आज्ञावलीत १९ दोष उघड झाले; ‘रिपल २०’ या नावाने ते प्रकरण गाजले. जगभरातील कोट्यवधी उपकरणांत ती आज्ञावली वर्षानुवर्षे विकत घेतलेल्या, पुन्हा विकलेल्या रूपांत दडलेली होती. कोणत्या पेटीत ती आहे, हे पुष्कळदा पेटी विकणाऱ्यालाही सांगता येत नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये सात खुल्या आज्ञावली तपासण्यात आल्या. त्यांपैकी चारांत मिळून ३३ दोष सापडले आणि त्यांत मायक्रो आयपीही होती. लाइटवेट आयपीत त्या तपासणीत नवा दोष आढळला नाही; एरवी तिच्यातही वेळोवेळी दोष निघाले आहेत आणि दुरुस्त झाले आहेत.

यातून दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. कुलूप लावल्याने दोष नाहीसे होत नाहीत, ते फक्त दिसेनासे होतात. आणि खुलेपणाही आपोआप संरक्षण देत नाही. विहीर सर्वांची असली तरी गाळ कोणीतरी उपसावाच लागतो. शिवाय संरक्षण आज्ञावली लपवण्याने नव्हे, गुप्त सांकेतिक किल्ली जपण्याने साधते. कुलपाची रचना जगाला ठाऊक असली तरी ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उघडत नाही. म्हणूनच ती किल्ली पुरवठादाराच्या खिशात असता कामा नये, हा या लेखाचा आग्रह आहे.

मग गाळ उपसणार कोण? मनुष्यबळाचे रडगाणे पुरे झाले. चंद्रपूरला १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. नागपूरला विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. दोन्ही जिल्ह्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला आज गाव सोडून जावे लागते आणि त्याच्याच गावातील पेटी दुरुस्त करायला महानगरातून माणूस बोलवावा लागतो! हा उफराटा न्याय खुल्या आज्ञावलीने संपू शकतो, कारण तिची प्रत्येक ओळ वाचायला मिळते, शिकायला मिळते. सीलबंद पेटी विद्यार्थ्याला काहीच शिकवत नाही. ती त्याला फक्त ग्राहक बनवते.

ग्रामसभेचा हक्क

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक आले. आपल्या जंगलाचा बांबू विकण्याचा हक्क मिळवायलाही गावाला किती काळ झगडावे लागले! तो झगडा किल्लीचाच होता. जंगल समोर होते, बांबू समोर होता, पण परवान्याचे पुस्तक दुसऱ्याच्या टेबलात होते. आता त्याच जंगलात डोळे आणि कान असलेली यंत्रे येत आहेत. ती गावाच्या वाटा, पाणवठे, माणसांची ये-जा टिपणार आहेत. त्यांची किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या टेबलात जाऊ द्यायची काय?

मागण्या अवघड नाहीत. निविदेत स्पष्ट लिहावे की पेटीतील संपूर्ण आज्ञावली, ती पेटीत भरण्याच्या साधनांसह, जिल्हा प्रशासनाच्या स्वाधीन केली जाईल. सांकेतिक किल्ल्या जिल्ह्याकडे राहतील. भोंगा बाहेरच्या सर्व्हरवाचून वाजेल, आणि याची चाचणी मोबाइलचे जाळे बंद ठेवून गावकऱ्यांसमक्ष होईल. पेटीत कोणकोणती आज्ञावली आहे त्याची यादी पुरवठादार देईल. प्रत्येक तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दुरुस्तीचा एक वर्ग सुरू होईल. पैशाचा प्रश्न असेल तर कोळसा आणि लोहखनिज या दोन जिल्ह्यांच्याच भूमीतून निघते आणि त्यावरील अंशदान जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होते. खाणबाधितांच्या गावांसाठी याहून चांगला विनियोग कोणता?

या अटी घातल्या तर काही पुरवठादार निविदा भरणार नाहीत, अशी भीती दाखवली जाईल. न भरोत! जो आपली पेटी उघडून दाखवायला तयार नाही, त्याच्या भरवशावर आपण आपल्या आया-बहिणींना जंगलात पाठवू शकत नाही. जे राहतील त्यांत विदर्भातील लहान उद्योजक असतील, स्थानिक तरुण असतील, आणि त्यांना मोठे करणे हे शासनाचे काम आहे.

पुढच्या वर्षीही मे महिना येईल, तेंदू तोडणीला येईल आणि पहाटेच्या अंधारात बाया डोईवर फडके बांधून जंगलाच्या वाटेला लागतील. खरेदीचे निर्णय त्याआधी होतील. आपल्या जिल्ह्यात, आपल्या ग्रामपंचायतीत अशा यंत्राचा प्रस्ताव आला तर त्याची किंमत विचारण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा, उभे राहून, मोठ्याने विचारा आणि उत्तर लेखी घ्या: याची किल्ली कोणाकडे राहणार?